आत्याची अधिकृत मुलाखत

आठवणी नोंदवण्याच्या वर्गात भाचीनं तीन गोष्टी घोकून ठेवल्या होत्या. मध्ये बोलायचं नाही, घाई करायची नाही आणि समोरचं माणूस 'नको' म्हणालं की रेकॉर्डर बंद करायचा. रेकॉर्डरची माहितीपुस्तिका मात्र तिनं उघडलीच नव्हती. लाल दिवा म्हणजे थांबा, हे शेंबडं पोरही सांगेल! म्हणून तिनं घरून निघतानाच बटण दाबून लाल दिवा लावून ठेवला होता. पहिली मुलाखत उद्या जमा झाली नाही, तर वर्गातून नाव कटणार होतं.

मुलाखत द्यायला आत्या होती. बत्तीस वर्षं हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर बसलेली. भाचीनं बटण दाबलं, दिवा विझला आणि आत्या खाकरली.

"सदर रुग्णालयात मी दूरध्वनी चालिका या पदावर रुजू झाले. वरिष्ठांचे सहकार्य सदैव लाभले."

"आत्या, घरी अशी बोलतेस का तू?"

"घरी कोण रेकॉर्ड करतंय मला?"

वीस मिनिटं झाली तरी वरिष्ठांचं सहकार्य काही संपेना. भाचीनं जांभई गिळली. मग आत्याच म्हणाली, "बंद कर गं ते जरा." दिवा लागला. आत्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"पूर आला होता. सर्जन नदीपलीकडे अडकलेला. इकडे टेबलावर अडलेली बाई, आणि डॉक्टर आठवड्यापूर्वीच नोकरीला लागलेला. लाइन इतकी खरखरत होती की त्या दोघांना एकमेकांचं ऐकूच येईना. मला मात्र दोघांचं येत होतं. तिकडून 'काप' आलं की मी इकडे 'काप' सांगायची. इकडून 'रक्त थांबत नाही' आलं की तिकडे. तीन तास!"

"मग?"

"बाई वाचली, बाळ वाचलं. सर्जनचा सत्कार झाला."

"आणि तुझा?"

"माझा कशाला? ऑपरेटरनं कुणाचं बोलणं ऐकायचं नसतं, नियम आहे. म्हणून तर बंद करायला लावलं. हं, लाव आता."

एवढी मोठी बाई आपल्या घरातली आणि आपल्याला पत्ता नाही, या विचारानं भाचीचे डोळे भरून आले. दिवा विझला. सहकार्य पुढे सुरू झालं.

संध्याकाळी तिनं रेकॉर्डिंग लावलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. सहकार्याचा एक शब्द नव्हता. ऑपरेशन मात्र खणखणीत ऐकू येत होतं! जमा करावं तर आत्याचा विश्वासघात, पुसावं तर हाती भोपळा. ती तशीच आत्याकडे धावली.

"आत्या, घोटाळा झाला गं. उलटंच रेकॉर्ड झालंय. पुसून टाकते मी."

"पुसून तर बघ!"

"अगं, पण तूच बंद कर म्हणालीस ना?"

"नियमापुरतं म्हणाले. बत्तीस वर्षं बोर्डापुढे काढली मी. लाल दिवा लागला की लाइन चालू, एवढं कळत नाही होय मला?"

आत्यानं भाचीच्या पिशवीतला मुलाखतीच्या संमतीचा कागद ओढून घेतला आणि लफ्फेदार सही ठोकली. भाचीनं कागद घडी घालून ठेवला.

"आणि ते सहकार्याचं भाषण?"

"ते वरिष्ठांचं आहे," आत्या म्हणाली. "त्यांचं त्यांनी रेकॉर्ड करावं."