हकीकत याकूब शिडेवाल्याची व त्याने घेतलेल्या नावांची

श्रीसाक्षी समर्थ. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सरे, चैत्रमासी राजधानीचे जत्रेत कोणी बंदुकीच्या दारूची पिंपे पेटविली आणि दोनशे माणूस जागीच ठार जाहले. तेव्हा दिवाणसाहेबी हुकूम केला की ज्याजवर संशय तो धरावा. परंतु राज्याचा जुना कायदा ऐसा की पंचाइतीवाचून कोणास मार देऊ नये. मग दिवाणसाहेबी तोड काढिली की संशयितांचे डोळे बांधोन गलबतात घालावे आणि समुद्रापार दोस्त राजाचे किल्ल्यात पोचवावे, मारणे ते त्यांनी मारावे, सवाल आपण लिहोन द्यावे आणि दप्तरी अक्षर नोंदू नये.

त्या किल्ल्यात सरकारचा दुभाषी भानजी त्रिमल यास रवाना केले. वय पन्नास, जन्म बंदरीचा, सरकारची व कैद्यांची दोन्ही भाषा अस्खलित, स्वभाव भिडस्त. त्याजपुढे पहिला कैदी आणिला तो याकूब, गलबतांची शिडे शिवणारा. दारू विकत घेणारा कोणी याकूब नामे घाटावरचा माणूस होता, इतकेच सरकारास ठाऊक. आणि हा बिचारा सुतळी घेण्यास बाजारी आला असता उचलिला, घरी बायकोस खबर नाही. याकूब दोन शब्द बोलिला आणि भानजीने ओळखिले की बोली आपल्याच बंदरची. मग पडद्याआड सवालांची यादी घेऊन सरकारी कारकून राघोपंत बसत, त्यांजकडे जाऊन भानजी बोलिला, "पंत, हा तो नव्हे. तो घाटावरचा, हा आमच्या बंदरचा. बोलीवरून सांगतो."

राघोपंत म्हणाले, "भानजी, तुम्हांस जीभ चालवावयास आणिले आहे, पारख करावयास नव्हे."

मग आठ दिवस याकूबास गळ्याइतक्या पाण्यात उभा ठेविला आणि डोळा लागू दिला नाही, आणि भानजीने काठावर उभे राहोन तेच सवाल शंभर वेळा केले. नववे दिवशी साथीदारांची नावे विचारिली तेव्हा याकूब बोलिला, "घेतो. आधी मला बसू द्या." आणि बसोन त्याने तीन नावे घेतली: दाऊद मुकादम, लतीफ तांडेल, हसन डोंगरकर. हे तिघे तीस वर्षांमागे तुफानात बुडाले होते, आणि प्रेते किनारी लागली तेव्हा भानजी स्वतः तेथे उभा होता. याकूब त्याजकडे पाहात राहिला. भानजीने तिन्ही नावे जैसीच्या तैसी सांगितली आणि मेल्याचे सांगितले नाही. मनी म्हणाला, स्वार कबरस्तान धुंडाळोत, कोणाचे काय जाते, आणि या जिवाला विसावा तरी मिळेल. त्या दिवशी याकूबास भाकरी दिली आणि निजू दिले.

परंतु बंदरी चाल ऐसी की नातवास आजोबाचे नाव ठेवावे. पंधरा दिवसांनी गलबत लागले आणि डोळे बांधलेले तिघे तरणे गडी उतरविले. दाऊद, लतीफ, हसन. भानजीने तोंडे पाहोन ओळखिले की हे त्या मेलेल्यांचे नातू. धावत राघोपंतांकडे गेला आणि सगळे सांगोन टाकिले. पंत मग म्हणाले, "हे त्या दिवशी का नाही बोललात?" भानजी बोलिला, "नावे माघारी घ्यावी." पंत म्हणाले, "खलिता हुजुरात गेला. कट उघडकीस आणिला म्हणोन दिवाणसाहेबांस मानाची वस्त्रे मिळाली. आता नावे माघारी कोणी घ्यावी?"

भानजीने चाकरी सोडली आणि राजधानीस येऊन भर दरबारी उभा राहोन हकीकत सांगितली. दिवाणसाहेब हसले आणि बोलिले, "ऐसा किल्ला आमचे राज्यात नाही." आणि ते खरेच होते. मग वेडा ठरवोन भानजीस दीड वर्ष बेडीत ठेविले. सुटला तो थेट बंदरी गेला आणि चारी घरी जाऊन कोण कोठे आहे ते सांगितले, आपण गप्प राहिलो तेही सांगितले. कोणी शिव्या दिल्या, कोणी पाणी दिले. चौथे वर्षी गलबताने याकूबास वाळूवर सोडिले आणि गेले. त्यास भानजी धरोन घरी आणीत असता दाऊदची आई हलीमाबी वाटेत आडवी आली.

"याकूब, माझ्या लेकाचं नाव तू घेतलंस?"

"नाही चाची. तुझ्या सासऱ्याचं घेतलं. मेलेल्याला कोण धरून नेणार, असं वाटलं."

मग तिने भानजीकडे पाहिले. "आणि तुम्हांला ठाऊक होतं?"

"होतं," भानजी म्हणाला.

ती वाट सोडोन उभी राहिली.

येणेप्रमाणे जाहले. लतीफ आणि हसन पुढील वर्षी परतले, हात कामाचे राहिले नव्हते. दाऊद परतला नाही. कोठे पुरिला म्हणोन आईने अर्ज केला, त्याचे उत्तर दोस्त राजाकडून आले की ऐसा माणूस आमचे येथे आलाच नाही. लेखनसीमा.