धुरीकाकांची धर्मशाळा

धुरीकाका डिझाईनचा प्रोग्राम उघडायच्या आधी नेटची वायर काढतात. वायर काढायची, टोक ड्रॉवरमध्ये ठेवायचं, ड्रॉवरला चावी लावायची, आणि मगच प्रोग्राम; तो बंद केला की वायर परत. मी एकदा विचारलं, कशाला काका, तर बोलले, "तो फुकट आलाय. फुकट आलेला पाहुणा घरातलं बघतो आणि बाहेर सांगतो."

आमचं दुकान लालबागला, चाळीच्या जिन्याखाली. आमचं म्हणजे काकांचं, मी कामाला आहे. बॅनर, लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं करतो. काका डिझाईन करतात, मी मजकूर टाईप करते, फ्लेक्स छापणाऱ्याला फाईल पाठवते, आणि दिवसभर घाबरते. काम जाईल म्हणून घाबरते, ते आर्वीमुळे. माझी मुलगी, दीड वर्षाची. सासूबाई गावाला, नवरा सकाळी जातो तो उशिराच येतो, आणि पोरीला घेऊन ये कामावर, असं बोलणारं दुसरं दुकान मला अख्ख्या परळ-लालबागात मिळालं नाही, मी फिरलेय ना, तिला कडेवर घेऊन, दुकान दुकान. इथे ती टेबलाखाली खोक्यात बसते. काकांची नजर तिच्यावरपण असते. "ही बोलत काय नाय, नुसती बघता. असली माणसां डेंजर गो."

काकांनी वीस वर्षं एकच विकतचा प्रोग्राम वापरला. सीडी आणलेली, तिचं बिल अजून ठेवलंय. गेल्या दिवाळीत जुना कॉम्प्युटर बसला आणि नव्यावर ती सीडी चालेना. नवीन प्रोग्राम पाहिजे तर दर महिन्याला भाडं भरा, असं कळलं. काका भडकले. "पागडीची खोली सोडून भाड्याने राहू मी?" मग फ्लेक्सवाल्यानं हा फुकटचा टाकून दिला. बोलला, जगभरातली माणसं मिळून हा बनवतात, कुणीपण वापरा, आतलं सगळं उघडं आहे, पैसे नाहीत. हे ऐकून काकांचा संशय डबल झाला. "जगभरातली माणसां? आमच्या चाळीत चौदा बिऱ्हाडां मिळून जिन्यातलो बल्ब बदलत नाय." त्या दिवसापासून प्रोग्रामचं नाव धर्मशाळा. "धर्मशाळेत झोपायचं," ते बोलतात, "पण चपला उशाखाली."

जुन्या पत्रिका त्यात उघडल्या तर मराठीच्या जागी इंग्लिश चिन्हांच्या मुंग्या. "खाल्ल्यान," काका बोलले. फ्लेक्सवाला फोनवर समजावत होता की जुने फॉन्ट आहेत, नव्याला कळत नाहीत. काकांनी फोनवर हात धरला आणि मला हळूच सांगितलं, "ह्योपण त्यांच्यातलोच."

आणि काकांचा डावा हात. जुन्या प्रोग्रामात तो न बघता बटणं दाबायचा. तीच बटणं इथे दाबली की गणपती आडवा, मजकूर गायब. मग काका दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसायचे, हवालदार समोरच्याकडे बघतो ना, तसं. मला वाटायचं, संशय चाललाय.

माघी गणपतीच्या आधी त्यांनी सापळा लावला. एका मंडळाचा बॅनर होता, खाली मूषक. त्याच डिझाईनची त्यांनी दुसरी फाईल केली आणि त्यात मूषकाला डावीकडे मिश्या चार ठेवल्या, उजवीकडे तीन. बोलले, "आता ही धर्मशाळेत सोडतो. बाहेर कुठे चार-तीनवाला उंदीर दिसला की समजायचं, चोरी." आणि मग रोज संध्याकाळी काका लालबागपासून करी रोडपर्यंत बॅनरखाली उभे राहून उंदरांच्या मिश्या मोजायचे. भाजीवालीनं मला विचारलं, तुझे काका ठीक आहेत ना गं.

आता माझं सांगते. काका दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, मंडळवाले दारात उभे, फ्लेक्सवाल्याचा फोनवर फोन, आर्वी रडतेय, आणि फाईली दोन, एक 'माघी फायनल', एक 'माघी फायनल खरी'. मी घाईत पहिली पाठवली. ती सापळ्याची होती. मला दुसऱ्या दिवशी कळलं, बॅनर नाक्यावर लागल्यावर. मंडळवाल्यांना काय कळलं नाही, मिश्या कोण मोजतं.

संध्याकाळी काका आले, पाणी प्यायले, बोलले, "सापडलो चोर. चार आणि तीन." चेहरा एवढा खूश मी कधी बघितला नव्हता. "मी सांगितलेलं खरी पाठव, आणि धर्मशाळेनं आतल्या आत बदलली."

मी आर्वीला घट्ट धरलं.

"तू खरीच पाठवलीस, ता माका म्हायत आसा," काका बोलले. मी मान हलवली. सगळ्या जगावर संशय, फ्लेक्सवाल्यावर, दीड वर्षाच्या पोरीवर, आणि माझ्यावर नाही.

"बस झाला. उद्या शटर खाली. गावाक जातंय मी."

घरी भाकऱ्या करपल्या माझ्या. सांगितलं तर माझं काम जातं, नाही सांगितलं तर दुकानच जातं. सकाळी गेले तर काका देवाचा फोटो पेपरात गुंडाळत होते. मी एका श्वासात बोलले, काका धर्मशाळेनं काही नाही केलं, मी चुकीची पाठवली, कालपण खोटी मान हलवली, मला काढा पण दुकान बंद नका करू.

मला वाटलं ओरडतील. पण काकांचा चेहरा एकदम पडला.

"म्हणजे त्याची चूक नाय?"

"नाही काका."

"कायच नाय?"

"नाही."

फोटो तसाच हातात घेऊन ते खुर्चीत बसले. "माका जमणा नाय गो ता," ते खाली बघून बोलले. "वीस वर्सां केलंय. आता हाताक विचारलंय तर हात जुनाच सांगता. चोरी सापडली असती तर बरा झाला असता. धर्मशाळेत चोर होतो म्हणून बंद केलंय, असा सांगूक इला असता. येत नाय म्हणून बंद केलंय, ह्या कोणाक सांगू?"

काकी जाऊन तीन वर्षं झाली. त्यांच्या घरी सांगायला खरंच कोणी नाही.

"मला येतं," मी बोलले. कसं निघालं तोंडातून माहीत नाही.

काकांनी मान वर केली. नजर पुन्हा हवालदाराची. "कोणी शिकवला?"

"मोबाईलवर बघून. तुम्ही जेवायला घरी जाता ना, तेव्हा रोज थोडं थोडं करून बघते. मी जुनं कधी शिकलेच नव्हते, म्हणून अडलं नाही."

"फुकट?"

"हो."

त्यांनी हातातल्या फोटोवरचा पेपर सोडवला. मग उठले, ज्या खुर्चीत मी कधी बसले नव्हते ती गमछ्यानं पुसली, बोलले, "बस." स्वतः स्टूल ओढलं, मागच्या वर्षीची डायरी काढली, कोऱ्या पानावर तारीख टाकली आणि खाली शाळेत लिहितात तसं लिहिलं, बाई: रेश्मा.

"काका, मी नववी नापास आहे."

"गप. मजकूर गोल कसो वळवूचो, ता सांग आधी. आणि सावकाश सांग."