कंपनी थंड आहे

परदेशातून आलेल्या पिंपाचं झाकण उघडलं की रोह्याच्या रंगाच्या कारखान्यात सगळे आतल्या भुकटीकडे बघत. काळुराम म्हात्रे मात्र आधी झाकणाच्या आतल्या बाजूला बघायचा. तिथे बोटभर लांबीची चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्यावर एकमेकांत गुंतलेल्या दोन हातांचं चित्र, खाली नॉर्वेतल्या कुठल्याशा कामगार युनियनचा पत्ता आणि कोपऱ्यात पेनाने लिहिलेला आकडा. पिंप भरणाऱ्याचा तो नंबर. बहुतेक वेळा तो सतरा असायचा.

हा सतरा नंबर कोण असेल, याचं काळुरामला भारी कुतूहल. कासूहून सकाळच्या गाडीने रोह्याला येताना वाटभर त्याच्या डोक्यात तेच. सतरा नंबर डब्याला काय आणत असेल? त्याचा फोरमनही आपल्या फोरमनसारखा शिट्टी मारून बोलावत असेल का? कारखान्याची अर्धी मालकी त्या नॉर्वेच्या कंपनीची. म्हणजे एका धन्याची चाकरी करणारे आपण दोघे, आणि एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही, ही गोष्ट त्याला काही केल्या पटत नसे.

काळुराम कारखान्याच्या युनियनचा सेक्रेटरी होता. तीन वर्षं युनियन रबरी हातमोजे मागत होती आणि तीन वर्षं मॅनेजरसाहेब "फाइल वर पाठवली आहे" एवढंच सांगत होते. वर म्हणजे कुठे, हे कुणी विचारलं नाही. कामगारांचे हात मनगटापर्यंत निळे झाले, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. काळुरामला तर गरम आमटीत बोट बुडवायची सोय राहिली नव्हती.

पण त्याचं खरं दुःख वेगळं होतं. त्याची सासुरवाड हमरापूरची. मेहुणा मोरू गणपती घडवायचा, आणि लग्न झाल्यापासून दर श्रावणात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी काळुराम करायचा. काळुरामने डोळे आखलेला गणपती घरात कुठेही उभं राहा, आपल्याकडेच बघतो, अशी पेणपर्यंत ख्याती. त्या वर्षी मात्र पहिल्याच मूर्तीवर कुंचला घसरला आणि बाप्पा डाव्या डोळ्याने भिंतीवरच्या पालीकडे बघायला लागले. मोरूने त्याच्या हातातून कुंचला काढून घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

घरी येऊन काळुरामने बायकोला, सीताबाईला सांगितलं, "आनि एक वरीस असंच गेलं ना गो, तर हा हात कायमचा गेला समज."

दुसऱ्या दिवशी त्याने पिंपाच्या झाकणावरची चिठ्ठी सोलून खिशात घातली आणि युनियनचे अध्यक्ष हैबतराव यांना गाठलं. त्या दोन हातवाल्यांना पत्र लिहू, म्हणाला. आपलं तालुक्यात कुणी ऐकत नाही आणि हा निघाला नॉर्वेला, असं हैबतराव म्हणाले. पण फुकटचं असेल तर लिही, असंही म्हणाले.

पत्र इंग्रजीत हवं. पेणच्या कोर्टासमोर बसणाऱ्या पोपट टायपिस्टाइतकं जलद इंग्रजी त्या काळी पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं. बरोबर असायचं की नाही हा प्रश्न वेगळा. काळुराम समोर बसून सांगत गेला आणि पोपटराव मान वर न करता बडवत गेले.

"लिवा. आमची कंपनी लय थंड हाय. तीन वर्सं झाली, कितीबी बोंबला, थंडच. आमच्या हातांचे हाल चाललेत, हातमोजे नायत. तुमी जरा हातभार लावा."

"कंपनी इज व्हेरी कोल्ड," पोपटराव टाइप करता करता म्हणाले. "सिन्स थ्री इयर्स इट इज कोल्ड. अवर हॅण्ड्स आर सफरिंग. प्लीज सेंड हॅण्ड ग्लोव्हज. झालं. वाचून रडतील बघा."

आणि ते खरंच रडले. दिवाळीच्या सुमारास उत्तर आलं. पत्र भर सभेत वाचलं, पुष्कळांच्या डोळ्यांत पाणी आलं, कामगार कुठल्याही देशातला असो, असे हाल कुणाच्या वाट्याला येऊ नयेत, आम्ही हातमोजे पाठवत आहोत आणि आमच्या कंपनीलाही जाब विचारत आहोत, असा मजकूर होता. हैबतरावांनी ते पत्र चौकटीत घालून युनियनच्या खोलीत लावलं. ही पत्राची कल्पना आपल्यालाच कशी सुचली, तेही ते हळूहळू सांगू लागले.

बोटीने निघालेली दोन खोकी कस्टमच्या कचाट्यातून सुटून रोह्याला पोचली तेव्हा वैशाख होता. कुंडलिकेचे खडक तापले होते आणि माणसं सावलीतून सावलीत चालत होती. खोक्यांवरचे परदेशी शिक्के बघून स्टेशनपासून बाजारपेठेपर्यंत तर्कवितर्क सुरू झाले. कुणी म्हणालं आत मशीन आहे, कुणी म्हणालं औषध आहे. हैबतरावांनी गेटवर मंडप घातला, खोक्यांना हार घातले, नारळ फोडला आणि कामगारांच्या जगभरच्या एकजुटीवर पाऊण तास भाषण केलं. मॅनेजरसाहेब वरच्या मजल्यावर पडद्याआडून बघत होते.

पहिलं खोकं उघडलं. आत लोकरीचे हातमोजे होते.

लाल, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, जाडजूड, हाताने विणलेले. चार बोटांना मिळून एकच पिशवी, अंगठ्याला वेगळी. दुसऱ्या खोक्यातही तेच. नुसतं बघूनच पुढच्या रांगेतल्या जनूला घाम फुटला.

सोबतच्या पत्रात सगळा खुलासा होता. तुमचा कारखाना तीन वर्षं किती थंड आहे हे वाचून आमच्या कामावरच्या आणि निवृत्त बायकांनी हिवाळाभर बसून हे विणले. असल्या गारठ्यात काम करायला लावणं ही अमानुष गोष्ट आहे.

हसण्याचा असा काही लोट उठला की हैबतरावांचा फेटा सैल झाला. पत्राची कल्पना मुळात काळुरामची होती, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं. काळुराम मात्र हसला नाही. श्रावण तीन महिन्यांवर आला होता आणि हातात लोकर आली होती. तो खाली बसून मोजे चाळत राहिला. एका लाल जोडीत चिठ्ठी होती, पेनाने काढलेला आकडा होता सतरा, आणि सोबत एक फोटो. पांढऱ्या केसांची, जाड चष्म्याची एक आजीबाई सुया हातात धरून हसत होती. तिचीही बोटं पेरांपाशी वाकडी झालेली होती.

"बाई हाय," काळुराम स्वतःशीच म्हणाला. इतकी वर्षं त्याने सतरा नंबरला मिशी लावली होती. त्याने ती जोडी खिशात घातली. आता या म्हातारीला काय कळवायचं, या विचाराने त्याला त्या रात्री जेवण गेलं नाही.

इकडे नॉर्वेच्या युनियनने खरोखरच जाब विचारला होता. आठवड्याभरात मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नॉर्वेच्या कंपनीची तार येऊन पडली. रोह्याचा कारखाना तीन वर्षं इतका थंड का ठेवला आहे? पाहणीसाठी माणूस पाठवत आहोत. साहेबांनी ती पंख्याखाली बसून, रुमालाने मान पुसत तीनदा वाचली आणि काळुरामला बोलावलं. ते मोजे पाहुण्याच्या दृष्टीस पडता कामा नयेत, जाळा, पुरा, काय हवं ते करा, असं बजावलं.

काळुरामने घरी येऊन ते सीताबाईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. तिला युनियनमधलं काही कळत नसे, पण देण्याघेण्यातलं सगळं कळत असे.

"अवो, आहेर हाय तो," ती म्हणाली. "देनाऱ्याच्या घरचा मानूस दारात येतोय, आनि आहेर पुरून ठेवायचा? एकदा तरी त्याच्यासमोर अंगावर घालावा लागतो. नायतर ती म्हातारी काय म्हनंल?"

दुसऱ्या दिवशी काळुरामने खात्याखात्यात फिरून निरोप दिला. लोक आधी हसले. पण आहेराचं नाव निघाल्यावर कुणाला नाही म्हणता येईना. प्रत्येकाच्या घरी सीताबाई होतीच.

पाहुणा आला तो उंच, गुलाबी आणि दारातच अर्धा विरघळलेला. हातात थर्मामीटर. मॅनेजरसाहेब त्याला घेऊन रंगखात्यात शिरले आणि जागीच खिळले. उघड्या अंगाची, घामाने निथळणारी माणसं हातांत लाल-निळे लोकरीचे मोजे घालून ओळीने उभी होती. पाहुण्याने थर्मामीटर पाहिलं, झटकलं, पुन्हा पाहिलं. मग काळुरामसमोर थांबून इंग्रजीत विचारलं, इथे थंडी आहे का?

काळुरामने रात्रभर इंग्रजी जमवलं होतं, त्यातलं नेमकं या वेळी काही आठवेना. जे होतं तेवढं त्याने वापरलं.

"नो साहेब. हिअर हॉट," तो म्हणाला. मग मॅनेजरसाहेबांकडे बोट दाखवलं, म्हणजे पूर्ण लाल मोजाच दाखवला. "कंपनी कोल्ड."

पाहुण्याला उलगडा होईना. त्याने हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. आता मोजा काढणं भाग होतं. काळुरामने तो ओढला आणि आतून निळा, भेगाळलेला, पेरांपाशी लाल झालेला हात बाहेर आला. पाहुण्याने तो धरला आणि सोडलाच नाही. उलटून बघितला, पालटून बघितला. शेजारी जनूनेही मोजा काढला, मग पुढच्याने, मग सगळ्या ओळीने. पाहुण्याने थर्मामीटर खिशात ठेवलं आणि वही काढली.

बारा दिवसांत रबरी हातमोजे आले, मलमाचे डबे आले, हात धुवायला वेगळा नळ आला. फाइल वर म्हणजे कुठे जाते, ते अखेर सगळ्यांना कळलं. हैबतरावांना पत्राची कल्पना पुन्हा स्वतःची वाटू लागली.

एवढ्यावर थांबेल तर ते कंपनीचं मुख्य कार्यालय कसलं? नॉर्वेतली मूळ तक्रार थंडीची होती आणि ती कागदावर तशीच उघडी होती. ती मिटवायला आषाढात दोन मोठे विजेचे हीटर आले. मॅनेजरसाहेबांनी ते एकदाच डोळे भरून पाहिले आणि समोरून घेऊन जा म्हणाले. काळुरामने ते टेम्पोत घालून हमरापूरला नेले. पावसाळ्यात मूर्ती वाळत नाहीत म्हणून मोरू दरवर्षी रडायचा. त्या वर्षी त्याचे गणपती गावात सगळ्यांच्या आधी वाळले.

श्रावणात पोपट टायपिस्ट आपल्या गणपतीची मूर्ती सांगून ठेवायला हमरापूरला आले, तेव्हा काळुराम पाटावर बसून डोळे आखत होता. भेगा भरत आल्या होत्या. कुंचला एका दमात पापणीच्या टोकापर्यंत गेला आणि थांबायचा तिथे थांबला. मोरू मागे उभा राहून बघत होता. त्याने पुढची मूर्ती आणून ठेवली.

"सतरा नंबरच्या आजीला आभाराचं पत्र धाडायचंय," काळुराम म्हणाला. "मोजे आले, हात सुधारला, सगळं लिवा. आनि हेबी लिवा, का ह्या भानगडीपायी मॅनेजर आमच्यावर लय गरम झालाय."

पोपटरावांनी वही काढली आणि या वेळी मात्र पेन उचलून धरलं. एकदा तोंड पोळलं होतं. "काळुरामभाऊ, गरम म्हणजे रागावलाय, असं नीट लिहितो. नाहीतर ते पुन्हा भलतंच समजतील. कंपनी फार गरम झालीय असं वाटायचं त्यांना."

काळुरामने कुंचला वाटीत ठेवला. रंगखात्याचं पत्र्याचं छप्पर त्याच्या डोळ्यांपुढे आलं, वैशाखातलं. युनियन पंख्यांची मागणी करत होती त्याला आता पाच वर्षं होत आली होती.

"ऱ्हाऊ द्या पोपटराव," तो म्हणाला. "तुमचं इंग्रजी हाय तसंच बरं हाय. व्हेरी हॉट लिवा."