मापाडी नाना आणि अक्कांचं वजन

नाना भेटले की नमस्कार करत नाहीत, वजन सांगतात. पहिल्याच दिवशी मला दारात म्हणाले, "ताई, तुम्ही अडुसष्ट." मेलं खरं होतं. डॉक्टरांनाही सोडत नाहीत. "साहेब, एकोणऐंशी. मागल्या खेपेपेक्षा दोन किलो वाढनात."

नाना भडगावचे. उभं आयुष्य बाजार समितीत मापाडी. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणाऱ्याला लांबूनच धरायचे. आता दर तीन आठवड्यांनी बायकोला, म्हणजे अक्कांना, घेऊन जळगावला आमच्या केमोच्या वॉर्डात येतात. मी तिथली नर्स. आमचा वजनकाटा त्यांना पसंत नाही. "काटा सपाट जागावर जोयजे," म्हणत वाकून फरशी तपासतात. बाकीचे पेशंट हसतात, तेवढाच विरंगुळा.

वजनाला आमच्याकडे खरंच महत्त्व आहे. उंची आणि वजन बघून डॉक्टर डोस ठरवतात. मग फार्मासिस्ट काचेच्या कपाटात दुहेरी हातमोजे घालून तेवढंच औषध सलाइनमध्ये भरतो. जास्त झालं तर अंगावर येतं, कमी पडलं तर गाठ ऐकत नाही. हे मीच नानांना समजावलं होतं. नको तिथे जीभ चालते माझी.

अक्कांचं वजन तीन खेपा बेचाळीसच. गाल बसले, बांगड्या कोपराकडे सरकल्या, तरी बेचाळीस. परवा त्यांना खाटेवर घेताना कमरेशी टणक लागलं. लुगड्याच्या आत, फडक्यात बांधलेली दोन-दोन किलोची दोन लोखंडी मापं. ती काढल्यावर अक्का अडतीस भरल्या.

मी भडकले. "नाना, जन्मभर लोकांच्या लबाड्या धरल्यात, आणि तुम्हीच?"

"वजन कमी व्हयनं का औषध कमी करतस," नाना खाली बघत म्हणाले. "मंग बंद करतस."

अक्कांनी माझा हात धरला. "त्यास्ले बोलू नका. बांधताना फडकं त्यास्ना हातमाईन सुटे. मंग मीच घट्ट बांधं."

डॉक्टर रागावले नाहीत. "वजन घटतंय हेच तर आम्हाला कळायला हवं होतं," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवसाचा डोस पुढे ढकलला.

नाना बाहेर बाकड्यावर बसले होते. मला राग धरवेना. शेजारी बसून सांगितलं, "औषध बंद नाही केलं, नाना. दोन आठवडे त्यांना नीट खाऊ घाला, मग देऊ."

"ती जेवस नही, ताई," नाना म्हणाले. "मी समोर बसस, तरी जेवस नही."