मधुकरभाऊंचा सायबेरिया

मे महिन्यातली दुपार. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नव्हतं, आणि शेजारचे मधुकरभाऊ ढगे डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून माझ्या दारात उभे.

"वैनी, गोळाभर कणीक द्या. भिजवलेली. घट्ट पाह्यजे, पुऱ्याले करता तशी."

एकटा माणूस. वाटलं, पोळ्या करणारी बाई आली नसेल. "भाऊजी, चार पोळ्याच लाटून देते ना," मी म्हटलं.

"खाले नाई हो. कॉम्प्युटरले लावाची हाये."

मी कणीक दिली आणि गोळ्यामागोमाग स्वतःही गेले. चौकशा करायची मला जन्मजात खोड आहे, आणि हे असं शेजारी राहत असल्यावर ती जाणार तरी कशी?

मधुकरभाऊंनी जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला. त्यांच्या बैठकीच्या खोलीत टेबलावर एक कॉम्प्युटर उघडाबागडा पडलेला असतो. मुलाचा, निखिलचा, कॉलेजातला. टेबलाखाली जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर घुरघुरत असतो आणि त्यातून निघालेली तांब्याची नळी कॉम्प्युटरच्या मुख्य चिपवर जाऊन बसते. नळीवर बर्फ धरलेला, आणि त्या बर्फाभोवती मधुकरभाऊंची लोकरीची माकडटोपी. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत असताना हे दृश्य पाहिलं की आपल्यालाच ऊन लागलं की काय, असं वाटतं.

"माठ कसा गार होते, सांगा," ते वर्गात विचारावं तसं विचारतात. आणि उत्तरही स्वतःच देतात. "पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आन जाता जाता आतली गर्मी घेऊन जाते. इथंही तेच. पाण्याच्या जागी गॅस. नळीतून पातळ होऊन येते, चिपच्या डोक्यावर त्याची वाफ होते, गर्मी उचलते आन भागते. कॉम्प्रेसर त्याले पकडून पुन्हा कामाले लावते."

"पण चिपला एवढी गर्मी होतेच कशानं?"

"कंपनीनं ठरवल्यापेक्षा जोरात पळवून राह्यलो ना त्याले!"

"आणि पळून तो करतो काय?"

"काई नाई," मधुकरभाऊ अभिमानानं म्हणाले. "पळते."

त्या कणकेचं पुढे काय झालं, तेही सांगते. थंड धातूला हवेतलं पाणी धरतं, ते थेंब आत गळले तर सगळा खेळ खलास. म्हणून चिपभोवतीच्या फटी बुजवाव्या लागतात. निखिल बंगळुरूला इंजिनीअर आहे. तो फोनवर म्हणाला, "बाबा, चांगलं मळून लावा." त्याला म्हणायचं होतं चित्रकलेचं, मळता येणारं मऊ खोडरबर. बाबांनी माझी कणीक लावली. आठवडा व्हायच्या आत भिंतीवरून मुंग्यांची रांग थेट कॉम्प्युटरच्या पोटात.

"मळून लावा म्हणे! काय मळून, थे नाई सांगितलं पोट्ट्यानं," असं म्हणत ते ब्रशानं मुंग्या झाडत बसले.

तापमानाचा आकडा मात्र ते मला कधी सांगत नाहीत. भूगोलाचा मास्तर, गावाचं नाव सांगतो. "वैनी, आज शिमल्यात हावो." थोड्या दिवसांनी लेह. मग गॅस बदलला, नळी कापून आखूड केली, आणि एका सकाळी भिंतीवरून डोकं वर काढून ओरडले, "द्रासले पोहोचलो!" शेवटचा मुक्काम सायबेरिया, म्हणजे उणे चाळीस. हा मुक्काम निखिलनं ठरवून दिलेला. उणे चाळीस झालं की प्रयोग संपला, असं बापलेकाचं बोलणं. दर रविवारी सकाळी निखिलचा फोन येतो आणि मधुकरभाऊ त्याला आठवड्याचा प्रवास आकड्यांसकट सांगतात. रविवारी ते दाढी करून बसतात.

त्यांच्या घरी कूलर एकच, आणि तो मशीनचा. गॅसची गर्मी बाहेर टाकणारी जाळी कूलरसमोर ठेवलेली. तिला वाळ्याचा गार वारा. पाहुण्यांना कालच्या पेपरचा पंखा.

गेल्या रविवारी मी पन्हं घेऊन गेले तेव्हा मशीन कधी नव्हे इतकं छान चाललं होतं. पडद्यावरचा आकडा उणे एकोणचाळीसच्या पुढे सरकत होता. मी खुर्चीच्या टोकावर आले. मला कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नाही, पण सायबेरिया पाहायचा होता. पुढच्या आकड्याला आता जरासाच अवकाश होता.

तेवढ्यात मधुकरभाऊ उठले आणि त्यांनी कूलरचं तोंड माझ्याकडे वळवलं.

"घ्या वैनी. तुम्हाले गरम होत असन."

मशीन सुरू झाल्यापासून त्या घरात मला पहिल्यांदा वारा लागला. इकडे आकडा मागे फिरला.

"भाऊजी, हे काऊन केलं? होतच आलं होतं!"

ते पन्ह्याचा पेला हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "पोट्ट्याशी मी कधी बोललोच नाई, वैनी. त्याचा फोन आला का माह्याकडं एकच वाक्य. 'थांब, तुह्या आईले देतो.' मंग थे दोघं तासभर बोलत. मी बाजूले बसून ऐको. त्याची आई गेल्यावरही एकदा निंगून गेलं तोंडातून. 'थांब, आईले देतो,' म्हटलं, आन फोन घेऊन उठलोही. इथं, सैपाकखोलीच्या दारात आल्यावर समजलं. तिकडून थो गप. इकडून मी गप. मंग थोच म्हणाला, 'बाबा, माहा कॉम्प्युटर चालू होते काय, पाहा बरं.'"

त्यांनी मशीनकडे पाहिलं. "तवापासून बोलून राह्यलो आमी. चाळीस झाले, तं पुढच्या रविवारी काय बोलू?"

माझे डोळे भरून आले आणि मी कूलरकडे तोंड करून बसले.

फोन वाजला. भाऊंनी स्पीकर लावला, त्यांना तसंच ऐकू येतं.

"किती आलं, बाबा?"

"अडतीसच्या खाली जाऊनच नाई राह्यलं रे," मधुकरभाऊ चक्क खोटं बोलले, आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.

हा मुलगा इंजिनीअर आहे, मला वाटलं. दर रविवारी आकडे ऐकतो, कुठे पाणी मुरतंय ते याला केव्हाच कळलं असणार.

"मंग एक काम करा, बाबा," निखिल म्हणाला. "सगळं खोला. आपण पयल्यापासून करू."

"पूरं?"

"पूरं. नळीसुद्धा नवी टाकू. घाई कायची हाये?"

"नाई, घाई काईच नाई," मधुकरभाऊ खुर्चीतून उठलेसुद्धा. "थांब, ठेवू नको फोन. पेचकस आणतो."

ते आत गेले. खणांची उघडझाप ऐकू येऊ लागली. टेबलावर फोन तसाच चालू होता, आणि त्यातून निखिल जरा मोठ्यानं, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं म्हणत होता, "हावो मी, बाबा. या आरामात."