चांदणी न काढणारे शेंडे भाऊ

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार शेंडे भाऊंचे आहेत. हे भाऊ टपरीवर चहासुद्धा कॉम्प्युटरला सांगावा तसा सांगत. "दुधात साखर मिळव, त्यात पत्ती मिळव, अन् जे होईल ते कपात ठेव."

टपरीवाला म्हणे, "भाऊ, एक चहा म्हना ना सरळ."

"कमी बोलशील तं फसशील."

चंद्रपूरच्या आमच्या वन कार्यालयात तेव्हा नुकताच कॉम्प्युटर आला होता. मी सावली गावचा, घरातला पहिला पदवीधर. खोली मिळेपर्यंत भाऊंनी मला आपल्या घरी ठेवलं आणि प्रोग्राम लिहायचं काम शिकवलं. ते एकटेच राहत.

कॉम्प्युटरच्या कोबोल भाषेत गुणाकार 'मल्टिप्लाय' असा शब्दात लिहिता येतो, नाहीतर चांदणीचं चिन्ह (*) काढूनही भागतं. भाऊंना चांदणी वर्ज्य. लाकडाचं माप काढायला मला एक ओळ पुरे, त्यांना चार-पाच लागत. नावंही 'लाकडाचा-घेर', 'राखायची-झाडं' अशी. एकदा मी घेराला नुसतं 'जी' म्हटलं, तर म्हणाले, "हा जी कोन बाप्पा? कुठचा? याचं लगन झालं का?"

मग नवे साहेब आले. त्यांनी मला बोलावलं. "शेंड्यांचं हे पुराण चिन्हांत लिहून काढ. अर्ध्यावर येईल." माझी नोकरी अजून कायम व्हायची होती, आणि ती साहेबांच्याच हातात होती.

मी भाऊंना हे सांगितलं. ते चिडतील असं वाटलं होतं. ते खुर्ची ओढून बसले.

"अहेरीले कारकून होतो मी. राखायच्या झाडाइले फुली मारा, असा कागद मीच काढला. तोडणारी टोळी आली दुसऱ्या रेंजची. त्यायच्याकडं फुली म्हंजे तोडा. एका गोंड म्हातारीच्या दारचं मोहाचं झाड गेलं. मी पोचलो तं बुंध्यापाशी बसून होती. मलेच पानी देल्लं."

भाऊ दर उन्हाळ्याच्या तोंडाशी रजा टाकून कुठे जातात, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं; मला ते त्या दिवशी कळलं. म्हातारीला आता मोहफुलं वेचायला लांबच्या झाडांकडे जावं लागे. तिच्यासोबत टोपली घेऊन भाऊ जात.

"तिचं कोनी नाई," ते म्हणाले. "माहं तरी कोन हाये?"

त्या वर्षीही ते गेले. मी साहेबांना भेटलो आणि अहेरीच्या पत्त्यावर पत्र टाकलं.

"आदरणीय भाऊ, सविनय जयभीम.

साहेबांपुढे तुमचं पान आणि माझं चिन्हांचं पान, दोन्ही ठेवली. दोन्हींत मी मुद्दाम एकच चूक घातली होती: राखायची झाडं तोडायच्या झाडांत मिळवली होती. तुमच्या पानावर ती त्यांनी स्वतः पकडली. माझ्या पानावरून बराच वेळ बोट फिरवलं, सापडली नाही. प्रोग्राम तुमचाच राहणार आहे. माझ्या नोकरीचं अजून काही बोलले नाहीत. बोलतील.

इथलं मी बघतो. रजा वाढवायची असेल तर कळवा, अर्ज मी लिहून देईन. परतीची घाई करू नका. आजींना माझा जोहार सांगा."