वळसा न घालणाऱ्या सुमनताई

सुमनताई वानखेड्यांच्या पर्समध्ये कंगवा नसे, झाडं छाटायची कात्री असे. ही कात्री बागेसाठी नव्हती. त्यांच्या बागेत गवत खिडकीपर्यंत आलेलं होतं. कात्री होती ती रविवारसाठी. इंग्लंडात हेरफर्डजवळच्या आमच्या खेड्याभोवती शेतांतून, ओढ्याकाठानं, कधी कधी लोकांच्या परसातूनही जुन्या पायवाटा जातात. त्यांवर एखादी काटेरी फांदी आडवी आली की ताई पर्स उघडत, फांदीला "एक्स्क्यूज मी" म्हणत आणि कचकन तिचा निकाल लावत.

मी आणि मेधा पुण्याहून तिथे गेलो ते माझ्या नोकरीमुळे. आम्ही सामान उतरवत होतो तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "मराठी बोलून राहिले का तुम्ही?"

बघतो तर साडीवर टोपीवालं लाल पावसाळी जाकीट आणि पायांत गुडघ्यापर्यंत वेलिंग्टन बूट घातलेल्या एक बाई. मूळच्या नागपूरजवळच्या एका खेड्यातल्या. उभा जन्म इंग्लंडातल्या हॉस्पिटलांत नर्स म्हणून काढून नुकत्याच रिटायर झालेल्या. नवरा गेलेला, मुलगा एडिनबराला. खिडकीत बुद्धाची मूर्ती आणि तिच्या शेजारी वाळत घातलेले मोजे.

"पुण्याचे? असू दे," त्या म्हणाल्या. "चालता येते नं?"

चालता येतं अशी तोवर आमची समजूत होती.

रविवारी ताई गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटातला नकाशा अडकवून निघत. त्या नकाशावर कायद्यानं कोणालाही चालता येईल अशा सार्वजनिक पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. "रेघ म्हणजे रेघ," हा ताईंचा एकमेव नियम. रेघ चिखलातून गेली की आपण चिखलातून. रेघ नेटलच्या, म्हणजे आग करणाऱ्या खाजऱ्या पानांच्या, झुडपांतून गेली की आपणही त्यातूनच जायचं आणि घरी येऊन पोटऱ्यांना बर्फ लावायचा. शेजारून चांगली कोरडी वाट दिसत असली तरी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

एकदा ही रेघ गावच्या क्रिकेटच्या मैदानाच्या कडेनं गेली. कडेनं म्हणजे सीमारेषेच्या आतून. मॅच चालू होती. बोलर धावत निघाला होता आणि ताई पॉइंट आणि कव्हरच्या मधून संथपणे चालल्या होत्या. मागून मान खाली घालून आम्ही दोघं. बोलर थांबला, अंपायरनं हात वर केला.

"मॅडम, वुड यू माइंड?" अंपायर म्हणाला.

"नॉट अॅट ऑल," ताई म्हणाल्या. "यू कॅरी ऑन. धिस इज अ पब्लिक फुटपाथ."

त्यातला 'पब्लिक' हा शब्द त्या असा काही उच्चारायच्या की समोरचा आपोआप बाजूला व्हायचा.

परत येताना मी वैतागून म्हणालो, "ताई, झाडांमागून गेलो असतो तर काय बिघडलं असतं? एवढासा वळसा."

ताई चालतच राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या गावात विहिरीवर जायला सरळ रस्ता होता. तो आमचा नव्हता. माझी आई जन्मभर वळसा घालून गेली, डोक्यावर घागर घेऊन. इथे सरकार नकाशा छापून सांगून राहिलं की हा रस्ता तुझा आहे. तरी मी वळसा घालू?"

त्यानंतर मी वळशाचं नाव काढलं नाही. नेटल लागलं तरी.

ताईंचा खरा सामना मात्र मिस्टर टॉम्लिनशी. टॉम्लिन हे आमच्या वाटेवरचे शेतकरी. दुभत्या गाई, वाकडी टोपी आणि बायको गेल्यापासून माणसांत न मिसळणारा स्वभाव. रेघ बरोबर त्यांच्या गोठ्यासमोरून जायची. ते फाटक दोरीनं बांधून ठेवत आणि वर पाटी लावत, 'सावधान, बैल'.

ताई फाटकावर चढून ओरडत, "मिस्टर टॉम्लिन! व्हेअर इज द बुल? शो मी द बुल!"

"ही इज शाय, मिसेस वॉनकेड!"

"वानखेडे! अँड ओपन धिस गेट!"

हे दर रविवारी. शेवटी टॉम्लिन शिव्या पुटपुटत येत, दोरी सोडत आणि आम्ही पार झालो की पुन्हा बांधत. बैल आम्हाला कधीही दिसला नाही. ताई त्या भांडणासाठी खास घसा साफ करणाऱ्या गोळ्या चघळत येत, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आणि मग दोन हजार एकचा वसंत आला. देशभर जनावरांमध्ये लाळ्या-खुरकताची साथ पसरली. माणसांच्या बुटांवरून रोग शेताशेतांत जाऊ नये म्हणून सगळ्या पायवाटा बंद झाल्या. फाटकांवर नोटिसा लागल्या, रस्त्यांवर औषधात भिजवलेला पेंढा पसरला. मला वाटलं, ताई आता कौन्सिलच्या दारात जाऊन बसणार. पण कुत्रं घेऊन नोटिशीखालून सटकणाऱ्या एका साहेबाला 'पब्लिक' म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, "क्लोज्ड मीन्स क्लोज्ड!" आम्हाला म्हणाल्या, "वॉर्डात इन्फेक्शन असलं की कोणी आत नाही जायचं. हक्क काय पळून नाही चालला."

एप्रिलमध्ये टॉम्लिनच्या शेजारच्या शेतात रोग निघाला. टॉम्लिनच्या गाई धडधाकट होत्या, पण नियमाप्रमाणे त्याही मारून जाळल्या गेल्या. दोन दिवस टेकडीमागून धूर येत होता. गावातल्या सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. ताई मात्र खिडकीशी उभ्या होत्या.

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. आम्ही बसलो, आणि भांडणाची वेळ झाली तशी त्यांनी फोन उचलला.

"मिस्टर टॉम्लिन? वानखेडे बोलते. तुमच्या फाटकाच्या दोरीबद्दल माझी तक्रार आहे."

त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?" मेधानं विचारलं.

"'यस, मिसेस वॉनकेड' म्हणे. बस. भांडलाच नाही."

त्यानंतर दर रविवारी फोन. कधी पाटीवरून, कधी शेणाच्या ढिगावरून, कधी नसलेल्या बैलावरून. पलीकडून तेच थकलेलं 'यस'. एकदा तर फोन उचललाच नाही. तेव्हा ताईंनी गावातल्या डॉक्टरला घरून उठवून शेतावर पाठवलं आणि तो परत येईपर्यंत आपल्या हॉलमध्ये बूट घालून येरझारा घातल्या. टॉम्लिन नुसते झोपले होते.

मग जूनमधल्या एका रविवारी ताई म्हणाल्या, "मिस्टर टॉम्लिन, तुमच्या गाईंमुळे माझ्या वाटेवर नेहमी घाण असायची."

मी दचकलो. मेधानं माझा हात धरला. पलीकडून असा आवाज फुटला की आम्हाला सोफ्यावर ऐकू आला. गाईंचं काय कळतं तुम्हाला, एकेकीला मी हातानं वाढवलंय, तुम्ही आणि तुमचा तो नकाशा, असं बरंच काही. आवाज चढत गेला, मग फाटला, मग बराच वेळ नुसतं रडणं. ताई रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभ्या होत्या. एवढंच म्हणत होत्या, "यस, मिस्टर टॉम्लिन. यस."

फोन ठेवला तेव्हा त्यांचेही डोळे वाहत होते. "ओरडला!" त्या म्हणाल्या. "दोन महिन्यांनी ओरडला. आता पेशंट सुधारून राहिला."

वाटा उघडल्या त्या पहिल्या रविवारी आम्ही टेकडी उतरलो, तर टॉम्लिन अंगणात स्वच्छ शर्ट घालून आमची वाट बघत उभे होते. त्यांनी आम्हाला स्वयंपाकघरात नेलं. ओशाळल्यासारखी बिस्किटांची बशी पुढे केली. रिकाम्या गोठ्याकडच्या खिडकीवर पडदा ओढलेला होता.

ताईंनी त्या पडद्याकडे पाहिलं. मग ताई म्हणाल्या, "नावं काय होती त्यांची?"

टॉम्लिननी एक नाव सांगितलं. ती दूध काढताना पाय झाडायची, म्हणाले. मग दुसरं. ती सफरचंदं चोरायची. मग तिसरं, आणि तिच्या आईचं. मेधा हळूच उठून पुन्हा चहा ठेवायला गेली. सुमनताई टेबलावर कोपरं टेकून बसल्या होत्या आणि लहान मूल गोष्टीला हुंकार देतं, तशा एकेका नावाला "हं" म्हणत होत्या.